मुरण्याचा हिशेब : घरच्या लाल वाईनची बाटली आणि कोल्हापूरची हवा

‘मुरणे’ हे क्रियापद आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, मसाला रश्श्यात मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. वाईनही मुरते असे आपण सहज म्हणून जातो. पण या क्रिया एकजात नाहीत. लोणच्यात मीठ फोडीत शिरते आणि फोडीतला रस खारात उतरतो, म्हणजे पदार्थ जागा बदलतात. बूच मारलेल्या बाटलीत बाहेरून जवळजवळ काहीच शिरत नाही. शिरतो तो मिलिग्रॅममध्ये मोजावा लागणारा प्राणवायू. वाईनचे मुरणे म्हणजे या थोड्याशा प्राणवायूचा आणि तापमानाचा हिशेब. त्यात काळही धरावा लागतो, पण माझ्या मते त्याचा वाटा सर्वांत गौण आहे. तीच बाटली एका घरात दोन वर्षांत रसाळ होते आणि दुसऱ्या घरात सहा महिन्यांत मरते. त्यामुळे ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य शास्त्र म्हणून टिकत नाही.

हा विषय कोल्हापुरात कसा येतो, ते आधी स्पष्ट करायला हवे. घरी वाईन करण्याचे किट म्हणजे दाट केलेला द्राक्षरस, यीस्टची पुडी, बेंटोनाइट नावाची माती, ओक लाकडाचा भुगा, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सॉर्बेट आणि निवळक. पाणी घालून २३ लिटर रस होतो आणि चार ते आठ आठवड्यांत ७५० मिलिलिटरच्या ३० बाटल्या निघतात. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाईन करायला केंद्रीय कायद्याची मुभा आहे. कॅनडातही हा छंद रूढ आहे आणि तिथल्या मराठी घरांच्या तळघरांतही तो पोचला आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. मग किट कितीही सुबक असो आणि वाईन कितीही घरापुरती असो. म्हणून कोल्हापुरात ही वाईन आंबत नाही. ती तयार बाटलीच्या रूपाने, सुट्टीवर आलेल्या मुलाच्या किंवा मावसबहिणीच्या बॅगेतून येते. प्रवाशाला सीमाशुल्काविना दोन लिटर आणता येतात, म्हणजे जेमतेम दोन बाटल्या आणि थोडी जागा शिल्लक. ती घरात ठेवायला आणि प्यायला राज्याचा परवाना लागतो, तो वेगळा.

म्हणजे बाटली भरली जाते टोरांटोच्या १८ अंशांच्या तळघरात आणि मुरते राजारामपुरीच्या माळ्यावर. एका हवेत केलेला हिशेब दुसऱ्या हवेत फेडायचा असतो. किटच्या सूचनापत्रकात या अडचणीबद्दल एक ओळ नसते. ही अडचण नीट समजून घ्यायची तर सुरुवात बाटली भरण्याच्या त्या तासापासून करावी लागते.

आंबणे संपले की यीस्टचा साका तळाशी बसतो आणि वर निवळी उरते. किटमधले निवळक आणि बेंटोनाइट हे काम झटपट करतात. तरी घाई करू नये. विद्युतभारित मातीचे कण प्रथिनांना धरून खाली बसवतात, पण बारीक गढूळपणा जायला आठवडे लागतात आणि गढूळ वाईन भरली तर उरलेला साका बाटलीत बसतो. आंबणे खरोखर संपले की नाही, हे हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीला १.०८० ते १.१०० असलेली विशिष्ट घनता ०.९९६ च्या खाली उतरून काही दिवस तिथेच थांबली पाहिजे. डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत, हा पुरावा पुरेसा नाही.

त्यानंतरची पायरी वायू काढण्याची. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रसात विरघळून राहतो. थंडीत तो शांत बसतो, उष्णतेत बाहेर येतो. १८ अंशांना पाण्यात जितका मावतो, त्याहून सुमारे एक तृतीयांश कमी तो ३५ अंशांना मावतो. म्हणजे टोरांटोत वायू नीट ढवळून काढला नाही, तर तो कोल्हापुरात बुचाला ढकलतो.

आता प्राणवायू. २० अंशांना हवेने संपृक्त झालेल्या वाईनमध्ये लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, म्हणजे एका बाटलीत ६ मिलिग्रॅम. नळीचे टोक बाटलीच्या तळाशी न टेकवता वरून धार सोडली, की वाईन फेसाळत भरते आणि या आकड्याच्या बरीच जवळ जाते. हा प्राणवायू थेट सल्फर डायऑक्साइडला गाठत नाही. लोह आणि तांब्याच्या सूक्ष्म अंशांच्या मदतीने तो आधी फिनॉल वर्गातल्या द्रव्यांना गाठतो. त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात आणि त्यांना शांत करण्यात सल्फर डायऑक्साइड खर्ची पडतो. पूर्ण हिशेब केला तर १ मिलिग्रॅम प्राणवायूमागे सुमारे ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड जातो. निष्काळजीपणे भरलेल्या बाटलीतले ६ मिलिग्रॅम म्हणजे २४ मिलिग्रॅमचा खर्च, लिटरमागे ३२.

हा खर्च किती मोठा, ते शिल्लक पाहिल्यावर कळते. वाईनमधल्या मुक्त सल्फर डायऑक्साइडचा फार थोडा भाग रेणुरूपात असतो आणि जंतूंना रोखतो तो एवढाच भाग. तो किती असेल हे पीएचवर ठरते. पीएच ३.५ असेल तर मुक्त साठ्यापैकी जेमतेम २ टक्के, ३.८ असेल तर १ टक्का. लाल वाईनला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम रेणुरूप सल्फर डायऑक्साइड पुरतो असे धरतात. त्यासाठी पहिल्या स्थितीत लिटरला २५ मिलिग्रॅम मुक्त साठा लागतो, दुसऱ्या स्थितीत ५०. किटमध्ये येणाऱ्या मेटाबायसल्फाइटच्या वजनापैकी ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. २३ लिटरमध्ये लिटरमागे ३० मिलिग्रॅम वाढवायचे तर १.२ ग्रॅम पावडर लागते, चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. एका फेसाळ धारेने हा सगळा साठा पहिल्या काही आठवड्यांत संपतो. त्यानंतर ती वाईन मुरत नाही, नुसती उघडी पडते. बूच लावलेले असते म्हणून ते दिसत नाही, एवढेच.

किटमधल्या सॉर्बेटबद्दलही एक गैरसमज आहे. ते यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. लॅक्टिक जंतूंपुढे ते दुबळे असते. उलट त्या जंतूंनीच सॉर्बेट फोडले, तर जिरॅनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास येतो आणि त्यावर उपाय नसतो. म्हणून सॉर्बेट घातलेल्या वाईनमध्ये या जंतूंकडून होणारे मॅलोलॅक्टिक किण्वन करू नये.

बुचाखालची रिकामी जागा हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. बाटलीच्या गळ्याचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, त्यात २४ मिलिमीटर व्यासाचे बूच दाबून बसवतात. बूच आणि वाईन यांच्यात १५ मिलिमीटर अंतर ठेवले तर तिथे सुमारे ४ मिलिलिटर हवा राहते. त्या हवेतला प्राणवायू १.१ मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा जागा शक्य तितकी कमी ठेवा, हा सल्ला थंड देशात बरोबर ठरतो. पण वाईन उष्णतेने प्रसरण पावते. २० अंशांवरून ३५ अंशांवर गेली की ७५० मिलिलिटर वाईन सुमारे साडेतीन मिलिलिटरने फुगते. ४ मिलिलिटरच्या जागेत साडेतीन मिलिलिटर वाईन घुसली, तर उरलेल्या हवेवर केवढा दाब येईल याची कल्पना करावी. बूच वर सरकते किंवा त्याच्या कडेने वाईन पाझरते. रात्री गारवा आला की वाईन आक्रसते आणि त्याच कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते. हे एप्रिल-मे असे दोन महिने रोज चालते.

आमच्याकडे एका उन्हाळ्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले. माळ्यावर आडव्या ठेवलेल्या बाटलीचे बूच काचेच्या कडेच्या वर नखभर आले होते आणि खालच्या वर्तमानपत्रावर जांभळा चिकट डाग होता. त्या वाईनचा वास सुकलेल्या सफरचंदासारखा झाला होता. चूक भरणाऱ्याची नव्हती. त्याने आपल्या तळघरासाठी बाटली अचूक भरली होती. म्हणून कोल्हापूरला यायच्या बाटल्या निराळ्या काढून त्यांत २० मिलिमीटर किंवा थोडी जास्त जागा ठेवावी, असे मी सुचवेन. तेवढी हवा वाढते, तिची भरपाई म्हणून सल्फाइट लिटरमागे पाच-सहा मिलिग्रॅमने वाढवावे. बूच मारल्यावर बाटली तीन दिवस उभी ठेवावी, म्हणजे दबलेले बूच गळ्याला घट्ट धरते. मग आडवी.

आता कोल्हापूरची हवा. शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून विदर्भाची काहिली इथे नाही. तरी एप्रिलमध्ये दुपारी पारा ३७-३८ वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे १४-१५ पर्यंत उतरतो. जून ते सप्टेंबर दमट हवा. बुचाला ती मानवते, कारण कोरड्या हवेत बूच आक्रसते. वरून बुरशी धरली तर पुसून काढावी, आतल्या वाईनला तिचा उपद्रव नसतो. दमटपणापेक्षा काळजी करायची ती उन्हाळ्याची.

युरोपातली वाईन १२-१३ अंशांच्या तळघरात मुरते. म्हणून इथेही तळघर खणावे, असे कोणाच्याही मनात येईल. पण जमिनीखाली काही मीटर खोल गेल्यावर तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीशी जुळते आणि कोल्हापूरची सरासरी २५ अंशांच्या घरात आहे. इथले तळघर स्थिरता देईल, थंडावा देणार नाही. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा आणि जयंती नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी कुठवर चढले ते आपण पाहिले आहे. त्या भागात बाटल्या जमिनीखाली ठेवणे शहाणपणाचे नाही.

स्थिरतेचे मोल मात्र या भागाला फार जुने ठाऊक आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या आणि तोंड लिंपून बंद केलेल्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आतला प्राणवायू संपलेला असतो, हे पेवकऱ्यांना अनुभवाने माहीत होते. तापमान हलू द्यायचे नाही आणि हवा आत येऊ द्यायची नाही, ही दोन तत्त्वे त्या खड्ड्याने पाळली. वाईनच्या कोठीला याहून वेगळे काही करायचे नसते. २००५ च्या पुराने त्यातली बरीच पेवे निकामी केली. त्यांची मोजमापे आणि बांधणी कोणी नीट नोंदवून ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

२५ अंशांना नक्की काय होते? रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. १३ अंशांऐवजी २५ अंश म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त वेग. यावरून ‘कोल्हापुरात वाईन लवकर मुरते, उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चूक आहे, कारण सगळ्या क्रिया एकाच पटीने वाढत नाहीत. मुरताना सालीतले लाल रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, टॅनिनशी जुळते. कधी थेट, कधी अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या पुलावरून. त्यातून स्थिर रंगाचे मोठे रेणू बनतात. जांभळी झाक जाऊन विटकरी येते आणि तुरटपणा मवाळ होतो. त्याच वेळी ताज्या फळाचा वास देणारी एस्टरे पाण्याशी क्रिया करून फुटत असतात, आणि एकटे राहिलेले अँथोसायनिन जोडीदार मिळण्याआधीच विघटित होत असते. उष्णतेत हे फुटणे आणि विघटन जोडणीच्या पुढे धावते. म्हणून उन्हाळा काढलेली वाईन जुनी दिसते, पण मुरलेली लागत नाही. लुई पाश्चरने १८६६ च्या आपल्या ग्रंथात बंद नळ्यांवरच्या प्रयोगांतून प्राणवायू वाईनला घडवतो हे दाखवले. तोच प्राणवायू जास्त झाला किंवा उष्णतेची जोड मिळाली की तीच वाईन बिघडवतो.

किटच्या वाईनची इथे आणखी एक कमजोरी उघडी पडते. साध्या किटमध्ये द्राक्षाची साल नसते, फक्त दाट केलेला रस असतो. म्हणजे टॅनिन कमी, रंगद्रव्याला जोडीदार कमी. ओकच्या भुग्यातून थोडे टॅनिन येते, पण ते सालीची जागा घेत नाही. अशी वाईन दहा वर्षे ठेवण्यासाठी बनलेलीच नसते. तिला आयुष्य दीड वर्षाचे, आणि कोल्हापुरात त्याच्या निम्मे समजावे. साल घातलेल्या महागड्या किटची वाईन दोन-तीन वर्षे चढत जाते, तीही गार जागी.

टॅनिनचा हा प्रश्न आपल्या परंपरेने वेगळ्या वाटेने सोडवला आहे आणि ती वाट मला फार मोलाची वाटते. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांच्या संधानात, म्हणजे आंबवण्यात, धायटीची फुले घालतात. पन्हाळा-राधानगरीच्या डोंगरउतारांवर लाल फुलांनी भरून जाणारी ही झुडपे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या फुलांबरोबर मध, रानयीस्ट आणि भरपूर टॅनिन भांड्यात येते. किटमध्ये जी कामे दोन पुड्यांना विभागून दिली आहेत, ती इथे एक फूल करते. प्रमाणही पाहण्यासारखे आहे. वेगळे माप दिले नसेल तेव्हा शार्ङ्गधरसंहिता एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, त्याच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहाव्या हिश्श्याइतकी प्रक्षेपद्रव्ये सांगते. तुळा ४.८ किलो आणि द्रोण १२.२८८ लिटर धरला, द्रव दुप्पट घ्यायची परिभाषा लावली, गुळात ८५ आणि मधात ८० टक्के साखर मानली, तर लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम साखर येते. १ टक्का अल्कोहोलला १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे कमाल उतारा १२ टक्क्यांच्या आसपास. पिकलेल्या द्राक्षाच्या रसाचा हिशेबही जवळपास हाच. द्रव दुप्पट न घेता तेच मिश्रण केले तर साखर लिटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या वर जाते आणि यीस्ट अर्ध्या वाटेवर थकते. द्रव दुप्पट घेण्याचा तो नियम हे गणित सांभाळतो.

भांडे तुपाने माखणे, धुरी देणे, तोंडाला कापडमातीचे संधिबंधन करणे, मग धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरणे, या साऱ्या पायऱ्यांना रासायनिक अर्थ आहे. मातीच्या भांड्याची छिद्रे तूप बुजवते, धान्याची रास दिवसरात्रीचा चढउतार अडवते. पेटती वात भांड्याच्या तोंडाशी नेऊन ती विझते का ते पाहणे, ही कार्बन डायऑक्साइडची चाचणी. आसवे जुनी झाली की गुणाने वाढतात असेही शार्ङ्गधर सांगतो. त्यात उरलेली साखर, मसाल्याची द्रव्ये आणि धायटीचे टॅनिन असतात, म्हणून ती सल्फाइटशिवाय आणि उष्ण हवेत टिकतात. कोरड्या लाल वाईनला ही कवचे नसतात.

कायद्यानेही या दोहोंत फरक केला आहे. १९५१ साली एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त द्रव्यांवरची बंदी रद्द ठरवली. द्राक्षासव औषधाच्या दुकानात मिळते ते या वाटेने, अर्थात विक्रीसाठी ते करायला औषधनिर्मितीचा परवाना लागतोच. घरी करून पाहणाऱ्यांना तासगाव-सांगलीचा बेदाणा हाताशी असतो. गंधकाची धुरी दिलेला सोनेरी बेदाणा घेतला तर आंबणे सुरूच होत नाही आणि लोक धायटीला दोष देतात. वास्तविक बाटलीतल्या वाईनला राखणारा तोच सल्फर डायऑक्साइड इथे यीस्टला अडवत असतो. या कामाला काळ्या मनुका बऱ्या.

दोन बाटल्या घेऊन आलेल्या घराने मग काय करावे? माळा, गॅसजवळचे कपाट आणि फ्रिजच्या माथ्यावरची जागा वर्ज्य. जुन्या वाड्यात उत्तरेकडच्या जाड भिंतीतला कोनाडा असेल तर त्याहून चांगली जागा नाही. फ्लॅटमध्ये पलंगाखालची आतली बाजू. मार्च संपताच बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवाव्यात. ५-६ अंश ही काही मुरण्याची जागा नव्हे, तिथे क्रिया जवळजवळ थांबतात. पण माळ्यावरच्या ३५ अंशांपेक्षा थांबणे बरे. गारव्यात बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात.

प्रवासानंतर पहिले तीन-चार आठवडे बाटली उघडू नये. हिंदकळलेल्या वाईनचा वास काही काळ मंद पडतो, चवही तुटक लागते. त्यानंतर एक बाटली उघडून पांढऱ्या ताटावर पेला तिरका धरावा. कडेचा रंग अजून जांभळा असेल आणि जिभेच्या कडा आवळत असतील, तर दुसरी बाटली आणखी चार-सहा महिने ठेवायला हरकत नाही. कड विटकरी झाली असेल, वासात फळ कमी आणि सुकामेवा जास्त असेल, तर दुसरी त्याच महिन्यात संपवावी. ज्याने ती भरली त्याला फोनवर तीन गोष्टी कळवाव्यात : बूच किती वर आले होते, कडेचा रंग कोणता होता, बाटली कोणत्या महिन्यात कुठे ठेवली होती. पुढच्या खेपेला बुचाखाली किती जागा सोडायची, ते त्याला त्यावरून ठरवता येईल.